पावणेचारची मॅच

आमच्या वहिनींच्या मामांना बास्केटबॉल जितका कळत होता, तितका तो खेळ ज्यांनी शोधून काढला त्यांनाही कळत नसावा. हे मत माझं नाही, खुद्द मामांचं आहे. पण पिंपरीच्या आमच्या कॉलनीत मामांचं मत हेच सगळ्यांचं मत धरलं जाई, कारण वेगळं काही बोलायचं तर आधी मामांचं बोलणं संपायला हवं, आणि ते संपल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. पन्नास सालानंतरची ती मधली वर्षं. औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता. कॉलनीच्या भिंतींचा चुन्याचा वास अजून गेला नव्हता आणि क्वार्टरचं मागचं दार उघडलं की मोशीच्या बाजूला नजर जाईल तिथवर नुसती ज्वारी. मी दादा-वहिनींकडे राहून कारखान्याच्या भांडारात कारकुनी करत होतो. मामा दोन घरं सोडून राहायचे. मामी गेल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. नात्याने ते एकट्या वहिनींचे मामा. पण हळूहळू दादाचे झाले, माझे झाले, मग सगळ्या कॉलनीचे. कारखान्याचे मोठे साहेब एकदा तपासणीला आले असताना चुकून "या मामा" म्हणून गेले आणि नंतर स्वतःच ओशाळले.

मामांची नोकरी तपासणी खात्यात. औषध भरलेली काचेची कुपी दिव्यासमोर धरायची, फिरवायची, उलटी करायची, आणि आत कुठे कण, केस, काचेचा कपचा दिसतोय का ते पाहायचं. दिसला तर नापास, नाही तर पास. रोज शेकडो कुप्या अशा पाहून पाहून मामांना जगातली प्रत्येक गोष्ट उजेडात धरून पाहायची खोड लागली होती. वहिनींनी पुढे केलेला पाण्याचा पेला आधी खिडकीकडे जायचा, मग तोंडाकडे. दूध, तूप, लग्नाच्या पत्रिका, पोस्टाची पाकिटं, कशाचीच सुटका नव्हती. शेजारच्या मुलीला पाहायला मुलगा आला, तेव्हा मामा वडीलधारे म्हणून बैठकीत होते. पोहे झाले, बोलणी झाली, आणि मामा त्या मुलाला म्हणाले, "जरा इकडे उजेडात या." मुलगा बिचारा उठून खिडकीपाशी गेला. मामांनी त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि "पास" म्हणून सांगितलं. लग्न झालं, आणि संसारही चांगला झाला, त्यामुळे मामांना बोलायची सोय उरली नाही.

या माणसाला बास्केटबॉलचं वेड लावलं मास्टरांनी. मास्टर म्हणजे जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातले एक सिंधी गृहस्थ. फाळणीत कराची सोडून आलेले, आणि आता भांडारात माझ्याच शेजारच्या टेबलावर बसणारे. कराचीत ते कुठल्याशा क्लबाकडून खेळत असत. इथे आल्यावर त्यांनी वर्कशॉपच्या लोकांना गोड बोलून दोन लोखंडी कड्या करून घेतल्या, दोन खांब उभे केले, आणि कॉलनीमागची ढेकळांची जमीन स्वतः रोलर ओढून सपाट केली. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ते पोरांना शिकवायचे. त्या एका तासात मास्टरांच्या अंगात निराळाच माणूस यायचा. "बाकी तेवीस तास मी निर्वासित, भाऊ. ह्या एका तासाला मी मास्टर," असं त्यांनी मला एकदा चलन भरता भरता सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला खेळ पाहायला दोघंच होते. एक मामा आणि दुसरे पिंपरी गावातले दूधवाले तात्या. तात्यांनी खांबावरची जाळी बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "मास्तर, टोपलीला बूड न्हाई. मंग चेंडू त्यात ऱ्हानार कसा? आधी बूड लावा, मंग खेळा." मामांनी मात्र तासाभरात खेळ आत्मसात केला आणि दुसऱ्या तासापासून तो सुधारायला घेतला. एका रिकाम्या खोक्यावर बसून ते सूचना द्यायचे, आणि त्या दोन्ही संघांना फुकट मिळायच्या. "उजवीकडे! अरे उजवीकडे!" असं ते ओरडले की समोरासमोरची पोरं आपापल्या उजवीकडे पळायची आणि मैदानाचा मधला भाग मोकळा पडायचा. मग मामा हताश होऊन म्हणायचे, "मी एकाला सांगतोय रे!" आनंद झाला की ते टोपी उडवत. आधी स्वतःची, आणि ती खाली यायच्या आत शेजाऱ्याची.

घरी जेवायला आल्यावर डावपेच सुरू. वहिनींच्या टोपलीतले बटाटे आणि कांदे पाटावर मांडले जात. बटाटे आपले, कांदे समोरचे. सगळ्यात मोठा बटाटा म्हणजे पॅकिंग खात्यातला सावंत, आमचा पहिल्या नंबरचा खेळाडू. एकदा मामा हात धुवायला गेले आणि परत येऊन पाहतात तो सावंत गायब. "अगं, सावंत कुठंय?" वहिनी चुलीपाशी होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "फोडी केल्या त्याच्या. रस्सा होतोय." मामा त्या दिवशी रस्सा न घेता जेवले. वर आणि म्हणाले, घरच्या खेळाडूला मी खात नसतो.

दर रविवारी सकाळी मास्टर पापडाची पुडी घेऊन मामांकडे चहाला यायचे. मामा त्यांना आठवड्याभराच्या चुका सांगायचे. मास्टर बशीतला चहा फुंकत ऐकायचे आणि दर वाक्याला म्हणायचे, "बरोबर, मामा." मग मैदानावर जाऊन त्यांच्या मनात जे असेल तेच करायचे. मामांना याची कल्पना होती की नव्हती कोण जाणे. पण मास्टरांना यायला पाच मिनिटं उशीर झाला की मामा फाटकाशी जाऊन उभे राहत.

अशात पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांची स्पर्धा लागली आणि आमचा संघ चक्क अंतिम सामन्यात पोचला. समोर खडकीकडचा एक बलदंड संघ. सामना रविवारी, आमच्याच मैदानावर. मास्टरांनी वेळ ठेवली पावणेचार. मामांना हे अजिबात पटलं नाही. "पावणेचार ही काय वेळ झाली? लग्नाची घटिका आहे का? चार म्हणा, साडेचार म्हणा!" मास्टर एरवी मामांना कधी नाही म्हणत नसत, पण या वेळी म्हणाले, "पावणेचार, मामा. पक्का पावणेचार."

रविवारी साडेतीनलाच मैदानाभोवती जत्रा लोटली. कॅम्पातली माणसं, गावातली माणसं, झाडावर पोरं, तात्यांच्या दोन म्हशीसुद्धा. पावणेचार वाजले, पंचांनी शिट्टी तोंडात घातली, आणि मामा हात वर करून मैदानात शिरले. हातात हळदकुंकवाचं तबक आणि नारळ. शुभकार्य असं कोरडं सुरू करायचं नसतं, म्हणाले. दोन्ही खांबांना हळदकुंकू झालं. मग नारळ. तो कारखान्याच्या इभ्रतीला साजेसा टणक निघाला. दगडावर आपटला, उसळला. पुन्हा आपटला, दगड फुटला. तिसऱ्यांदा तो जो सुटला तो लोकांच्या पायांतून गडगडत म्हशींखाली गेला आणि तात्यांनी तो मोठ्या शर्थीने परत आणला. अखेर वर्कशॉपच्या एकाने घरून हातोडी आणली. नारळ फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आता खेळ सुरू होणार तोच मामा प्रसाद वाटायला निघाले. आमचे खेळाडू, त्यांचे खेळाडू, पंच, त्यांच्या शिट्टीसाठी वेगळा तुकडा, मग प्रेक्षकांची एकेक रांग. एकही माणूस सुटला तर अपशकुन. मास्टर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, खोबरं चघळत उभे होते.

त्यानंतरचा खेळ मी जन्मात विसरणार नाही. कधी ते पुढे, कधी आम्ही. कॉलनीतल्या निम्म्या टोप्या हवेत होत्या आणि कोणाच्या डोक्यावर कोणाची उतरत होती याला धरबंध नव्हता. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू सावंतच्या हातात होता. तो त्याने नुसता पोटाशी धरून ठेवला असता तरी कप आमचा होता. आणि नेमका त्याच क्षणी कारखान्याचा पाचचा भोंगा झाला.

आमच्याकडे भोंग्याची शिस्त फार कडक. रविवारी कारखाना बंद असला तरी टाक्यांतलं औषध आंबत असायचं, टाक्यांना रविवार नसतो, त्यामुळे भोंगा रोजच. पाचचा भोंगा झाला की हातातलं काम आहे तिथे ठेवायचं आणि दाराकडे वळायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की कोणी विचार करून करत नसे. सावंतनेही केला नाही. पॅकिंगमध्ये कुप्यांचा खोका ठेवतात तसा त्याने चेंडू दोन्ही हातांनी अलगद जमिनीवर ठेवला, चड्डीला हात पुसले आणि कारखान्याच्या दिशेने तोंड केलं. बाकीचे चौघे तोवर वळलेच होते. एक जण खिशात बिल्ला चाचपत होता. त्याच्या खेळायच्या चड्डीला खिसाच नव्हता. प्रेक्षकांतले कितीतरी पिशव्या उचलून उभे राहिले. खुद्द मामा टोपी नीट करून घराकडे दोन पावलं चालले होते. खडकीच्या एका खेळाडूला क्षणभर डोळ्यांवर विश्वास बसेना. मग त्याने चेंडू उचलला, निवांत दोन पावलं जाऊन कडीत टाकला, आणि वेळ संपली.

गर्दीतून तात्यांचा आवाज आला, "आरं, अंडं हाय का त्ये, खाली ठिवायला?"

कॉलनीला त्या दिवसापासून सुतक लागलं. मामा त्या रात्री जेवले नाहीत. सोमवारी कामावर गेले आणि तासाभरात परत आले. डोळ्यांत पाणी असलं की सगळ्याच कुप्यांत काहीतरी दिसतं, म्हणून त्यांनी रजा टाकली होती. लोक भेटायला येऊ लागले. खाली मान घालून सतरंजीवर बसायचे, वहिनी कोरा चहा द्यायच्या, आणि कोणीतरी उसासा टाकून म्हणायचं, "हाफ टाइमपर्यंत चांगले होते हो!" दुसरा म्हणायचा, "शेवटी शेवटी फार हाल झाले नाहीत, एवढंच समाधान." माझ्या दादाला हसू आवरेना म्हणून तो स्वयंपाकघरात जाऊन बसला.

दुःखाचे तीन-चार दिवस गेले आणि राग आला. राग कोणावर काढायचा? सावंतवर काढता येईना, कारण त्याच्या जागी जो असता त्याने तेच केलं असतं, हे ज्याचं त्याला माहीत होतं. मग राहिले मास्टर. मास्टरांनी पोरांना फार पळवलं. मास्टरांनी पोरांना पुरेसं पळवलं नाही. मास्टर फुलपँट घालून शिकवतात. तात्या म्हणाले, "पोरं ग्वाड हायती. मास्तरच न्हाई चांगला." आणि या सगळ्यांचे पुढारी मामा. "पोरांच्या हाडात भोंगा मुरलाय, हे शिकवणाऱ्याला कळायला नको? अहो, काय तपासणी केली यांनी?" रविवारी मास्टर नेहमीसारखी पापडाची पुडी घेऊन आले. मी योगायोगाने तिथेच होतो. मामा आतल्या खोलीतून कॉलनीभर ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "त्यांना सांग, मामा झोपलेत!" मास्टर बाहेरूनच म्हणाले, "बरं, मामा. झोपा." पुडी उंबऱ्यावर ठेवून ते गेले.

पुढे गोष्ट चेष्टेची राहिली नाही. क्रीडा समितीकडे अर्ज गेला की प्रशिक्षक बदलावा, आणि अर्जावर पहिली सही मामांची. समितीची बैठक पुढच्या रविवारी ठरली. मास्टरांचा तो एक तास जाणार हे उघड दिसत होतं. मी त्यांना टेबलावर हळूच म्हटलं, तुम्ही काहीतरी बोला. ते म्हणाले, "हारल्यावर लोक बोलणार ना, भाऊ. त्यात काय." आणि चलनांवर शिक्के मारत राहिले. त्या आठवड्यात ते संध्याकाळी मैदानावर जात, कड्यांखाली उभे राहत. पण शिकायला सावंतशिवाय कोणी येत नसे.

मामांनी मात्र ठरवलं की बैठकीत नुसता आरडाओरडा करायचा नाही, पुरावा मांडायचा. त्यांच्या खात्यात बॅच नापास झाली की तिचं कार्ड काढत. कुठलं काम किती वाजता सुरू झालं, किती वाजता संपलं, कोणाच्या हातून झालं, सगळं त्यावर ओळीने असे, आणि दोष कुठे शिरला ते त्यातून सापडे. मामांनी मॅचचं कार्ड करायला घेतलं. चार दिवस ते पेन्सिल घेऊन घरोघर हिंडले. ज्यांच्याकडे घड्याळ होतं त्यांना वेळा विचारल्या, पंचांची वही आणवली, सामन्याच्या वेळची गाडी कधी गेली ते स्टेशनवर जाऊन विचारलं. रविवारी जेवणं झाल्यावर आमच्या स्वयंपाकघरात ते शेवटच्या ओळी भरायला बसले. ते सांगत होते, मी लिहीत होतो.

"ठरलेली वेळ, पावणेचार. प्रत्यक्ष सुरुवात, चार वाजून सात मिनिटं. फरक, बावीस मिनिटं. खेळ चालला विश्रांती धरून त्रेपन्न मिनिटं. म्हणजे वेळेवर सुरू होता तर संपला असता..." मामांनी बोटांवर हिशेब केला, "चार अडतीसला."

वहिनी भांडी लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हणजे भोंग्याच्या कितीतरी आधी," त्या म्हणाल्या. "म्हणून पावणेचार होय?"

कार्डावर पुढची ओळ होती, उशिराचं कारण. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'नारळ'. मग ते खोडलं. कार्डावर वस्तूला जबाबदार धरता येत नाही, माणसाचं नाव लागतं. मामांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे सही केली.

"मामा, कोणाला कळणारंय?" वहिनी हळूच म्हणाल्या. "राहू दे ना ते कार्ड घरीच."

"नापास कुपी खिशात घालायची आणि पास म्हणायचं, असं का गं?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

बैठक कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. मास्टर मागच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून बसले होते. मामा उभे राहिले आणि त्यांनी कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, स्वतःचं नाव आलं तिथे न अडखळता. मग म्हणाले, "अर्ज मागे घेतो. दोष प्रशिक्षकाचा नाही. दोष शिरला तो माझ्या हातून." तेवढ्यात तात्या उठले. "आवं, नारळ फुटंना त्यात मामांचा काय गुन्हा? त्यो नारळवालाच लबाड हाय. असला दगड इकतोय व्हय!" झालं! सभेत जीव आला. निम्म्या लोकांना एकदम आठवलं की त्यांनाही त्याच दुकानात नारळ खराब मिळाला होता. पाच मिनिटांत प्रशिक्षकाचा विषय बाजूला पडला आणि नारळवाल्याविरुद्ध अर्ज तयार व्हायला लागला. मास्टर पहिल्यांदाच उभे राहिले आणि त्यांच्या सिंधी अदबीने म्हणाले, "साईं, नारळ गोड होता. मी पण खाल्ला." सगळे खदखदून हसले, आणि उद्यापासून साडेपाचला यायचं असं पोरांनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

बैठक सुटली तेव्हा उन्हं कलली होती. मामा आणि मास्टर कॅम्पाच्या रस्त्याने चालू लागले. मामांनी मला खूण केली म्हणून मीही निघालो. मामा खाली पाहत म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं ना? पहिल्यापासून?"

"होतं, मामा."

"मग बोलला का नाहीत? अहो, तुमचं मैदान हातचं चाललं होतं! एक शब्द टाकला असतात तर माझं तोंड बंद झालं असतं."

मास्टर थांबले. "कराचीत माझ्या मॅचला रोज येणारे, ओरडणारे, मला शिव्या देणारे, ते सब लोक एका महिन्यात गेले, मामा. कोण कुठे गेला, पत्ता नाही. इथे आलो तर ओरडणारा एकच भेटला. त्याचंच तोंड बंद करून मैदान घेऊन मी काय करू?"

मामांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि मास्टरांचा हात धरला. तो कॅम्प येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत सडकून हरलो आणि मामांनी मास्टरांना घरी बोलावून दोन तास झोडपलं. आता ते दोघेही नाहीत, आणि त्या मैदानावर इमारती झाल्या आहेत. अजून कधी कुठे सामना पाहायला गेलो आणि शेजारचा माणूस प्रशिक्षकाच्या नावाने बोंबलायला लागला, तर लोक त्याला गप्प बसवतात. मी बसवत नाही. मी जरा सरकून त्याला जागा करून देतो.